धर्म आणि परराष्ट्र धोरण: बडोद्याच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात्रा, देणग्या, अस्थी, व्हिसा: धर्माचा विषय परराष्ट्र खात्याच्या टेबलावर गेला की पुढे काय होतं, याबद्दल बडोद्यातून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक सूचना आधीच: नेत्याचं भाषण ऐकून मत बनवू नका. करार, त्याला जोडलेली यादी आणि त्यावर निघालेलं परिपत्रक वाचा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

१. देश आपापलं हित बघून चालतात. मग परराष्ट्र धोरणात धर्म येतो कुठून?

हिताच्याच वाटेने येतो. दुसऱ्या देशातल्या तीर्थाला किती माणसं जाणार, धर्मगुरू कोण नेमणार, देणगीचा पैसा कुठून कुठे जाणार, या प्रश्नांवर दोन सरकारांना बसून बोलावंच लागतं. कधीकधी धर्मपीठ मध्यस्थ होतं. १९७८ च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि चिली बीगल सामुद्रधुनीतल्या तीन बेटांवरून युद्धाच्या तोंडाशी आले होते. दोन्ही देश कॅथलिक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अँतोनिओ सामोरे यांना पाठवलं आणि युद्ध टळलं. पण तह व्हायला १९८४ उजाडलं, तोही अर्जेंटिना फॉकलंडचं युद्ध हरला आणि तिथली लष्करी राजवट गेली त्यानंतर. पोपमुळे दोघं टेबलावर बसले. सह्या मात्र राजकारण बदलल्यावर झाल्या. धर्म आणि परराष्ट्र धोरणाचं नातं बहुतेक वेळा असंच असतं.

आणि धर्म एक म्हणून मैत्री होते, असंही नाही. रशिया आणि युक्रेन दोन्ही ऑर्थोडॉक्स. तरी २०१९ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाने युक्रेनच्या चर्चला स्वतंत्र मान्यता दिली, तेव्हा मॉस्कोचं धर्मपीठ त्यांच्यापासून तुटलं होतं. सौदी आणि इराणचं उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे.

२. इतके मुसलमान भारतात राहतात, मग ओआयसीमध्ये भारत का नाही?

इस्लामी सहकार्य संघटना, म्हणजे ओआयसी, १९६९ मध्ये मोरोक्कोतल्या रबातला उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या अल अक्सा मशिदीला आग लावली गेली होती. रबातच्या परिषदेचं निमंत्रण भारतालाही आलं. फख्रुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पोहोचलं आणि पाकिस्तान अडून बसल्यावर त्यांना बाहेर ठेवण्यात आलं. आज ५७ सदस्य आहेत, भारत नाही. मात्र मार्च २०१९ मध्ये अबू धाबीच्या बैठकीला सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून गेल्या आणि पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या सत्राला दांडी मारली. पन्नास वर्षांत फरक पडला तो आखाती देशांच्या व्यापारी हिशोबात. संघटनेचा धर्म तोच आहे. काश्मीरवरचे ठराव ती आजही करतेच.

३. आपल्या सयाजीराव विद्यापीठातले बुद्धाचे अवशेष श्रीलंकेला कशासाठी नेले?

हे अवशेष मूळचे देवनी मोरीचे. अरवली जिल्ह्यात शामळाजीजवळ विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९६० ते १९६३ या काळात उत्खनन केलं. प्रा. र. ना. मेहता त्याचे प्रमुख होते. स्तूपात हिरवट शिस्ट दगडाचा करंडक सापडला. त्याच्यावर ब्राह्मी लिपीत, संस्कृतात लेख आहे: हे दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, शरीरावशेषांचं निवासस्थान. लेख कोरलेला असल्यामुळे हे अवशेष कुणाचे मानले जात, याबद्दल तर्क लढवावा लागत नाही. असा करंडक दुर्मीळ असतो. स्तूपाची मूळ जागा पुढे मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणून बडोद्याच्या विभागात जे आहे तेवढंच हाती उरलं.

एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी कोलंबोत घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये हे अवशेष तिथल्या गंगारामय विहारात दर्शनासाठी ठेवले गेले. श्रीलंकाच का? तिथल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलेलं आहे, त्यामुळे विहारांचं मत कुठल्याही सरकारला डावलता येत नाही. दुसरीकडे हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. बंदरं आणि कर्ज यांत चीनशी बरोबरी करणं भारताला जड जातं. बुद्धाची भूमी मात्र भारताचीच आहे. जे दुसऱ्याकडे नाही ते पुढे करायचं, हा साधा हिशोब. अवशेषांमुळे बंदराचा करार फिरत नाही, हेही तितकंच खरं. बातम्यांत दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात म्हणून गोंधळ होतो.

४. सरकारला वाटलं की असे अवशेष कधीही परदेशी पाठवता येतात का?

नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. विद्यापीठ किंवा संग्रहालय स्वतःच्या सहीवर पाठवू शकत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातले कपिलवस्तूचे अवशेष तर ‘एए’ श्रेणीत आहेत, म्हणजे नाजूकपणामुळे प्रदर्शनासाठी बाहेर न्यायचेच नाहीत अशा यादीत. तरी जून २०२२ मध्ये अपवाद करून चार अवशेष ११ दिवसांसाठी मंगोलियाला नेले. हवाई दलाचं सी-१७ विमान, सोबत केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू आणि अवशेषांना राज्य-अतिथीचा मान. उलानबाटरच्या गंदन मठात ते ठेवले गेले.

क्रम साधारण असा: यजमान देशाची विनंती, सांस्कृतिक मंत्रालयाची मंजुरी, पुरातत्त्व खात्याकडून वस्तूच्या स्थितीचा अहवाल, सुरक्षा आणि तापमानाची हमी, मग विमान. २०२४ मध्ये थायलंडला सांचीतले सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अवशेषही बुद्धाच्या अवशेषांसोबत गेले. चार शहरांत मिळून ४० लाखांहून अधिक लोकांनी दर्शन घेतलं. प्रथा नवी नाही. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाला १८९८ मध्ये सापडलेल्या बुद्धाच्या अस्थींचा वाटा इंग्रज सरकारने लगेच पुढच्या वर्षी सयामच्या राजाला दिला होता.

घोटाळा होतो तो खासगी हातांतल्या वस्तूंचा. पिपरहवाचीच काही रत्नं उत्खनन करणाऱ्या पेपे यांच्या वारसांकडे राहिली आणि मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली. भारताने कायदेशीर नोटीस दिल्यावर लिलाव थांबला, जुलैत रत्नं परत आली. पण ती गोदरेज समूहाच्या पैशांतून. नोटिशीने लिलाव थांबवता येतो, मालकी फिरवता येत नाही.

५. व्हॅटिकन एवढंसं, सयाजीबागेएवढं. त्याला राजदूत कशाला?

बागेची तुलना फार चुकलेली नाही: व्हॅटिकन सिटी ४४ हेक्टर, बाग त्याच पंगतीतली. पण राजनैतिक संबंध त्या जमिनीशी नसतात, ‘होली सी’ या धर्मपीठाशी असतात. इटलीशी १९२९ मध्ये झालेल्या लॅटरन कराराआधी सुमारे ६० वर्षं पोपच्या हाती भूभाग नव्हता, तरी राजदूत येत-जात होते. भारताचे संबंध १९४८ पासून आहेत. संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून होली सीला निरीक्षकाचा दर्जा आहे, मत नाही.

खरा पेच चीनचा. बिशप कोण नेमणार यावर २०१८ मध्ये तात्पुरता करार झाला. तो तीनदा वाढवला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा चार वर्षांसाठी. मजकूर आजवर जाहीर नाही. आणि गंमत अशी की तैवानला मान्यता देणारं युरोपात उरलेलं एकमेव राज्य म्हणजे हेच.

६. पुढचे दलाई लामा कोण, हे भारत ठरवणार की चीन?

भारत म्हणतो: आम्ही नाही. २ जुलै २०२५ ला दलाई लामांनी जाहीर केलं की ही परंपरा चालू राहील आणि पुनर्जन्म ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टला असेल. चीन १७९३ पासूनच्या सुवर्णकलशातून नावाची चिठ्ठी काढण्याच्या प्रथेवर आणि २००७ च्या स्वतःच्या नियमावर बोट ठेवतो. दोन दिवसांनी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं: श्रद्धेच्या आणि धर्माचरणाच्या बाबतींत सरकार भूमिका घेत नाही. हे वाक्य बावळट वाटलं तरी विचारपूर्वक लिहिलेलं आहे. त्यात होकार नाही आणि चीनला मान्यताही नाही.

लहान देशांना इतकी मोकळीक नसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मंगोलियाने दलाई लामांना येऊ दिलं. चीनने सीमेवर मालावर जादा शुल्क लावलं, कर्जाची बोलणी थांबवली. महिन्याभरात मंगोलियाने पुन्हा निमंत्रण देणार नाही असं सांगितलं. प्रश्न ४ मधल्या मंगोलियाच्या भेटीचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं.

७. कैलास-मानसरोवरला बडोद्याहून जायचं आहे. काय करावं लागेल आणि अर्ज कुठे अडकतो?

सरकारी यात्रा परराष्ट्र मंत्रालय १९८१ पासून चालवतं. २०२० पासून ती बंद होती, जून २०२५ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेख मार्गाने ५० जणांच्या ५ तुकड्या आणि नाथू ला मार्गाने १० तुकड्या, म्हणजे एकूण ७५० जागा होत्या. अर्ज फक्त ऑनलाइन. निवड संगणकीय सोडतीने. वशिला चालत नाही, विचारू नका.

वय १८ ते ७०. पासपोर्ट भारतीय आणि किमान ६ महिने वैध. मुदत जवळ आली असेल तर बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आधी नूतनीकरण करून घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, या यात्रेत जागा नाही.

सगळ्यात जास्त लोक गळतात ते बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्यावर. तो २५ किंवा त्याखाली हवा. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर वजन ६८ किलोपर्यंतच. सोडतीत नाव आल्यावर कमी करू म्हणणारे दिल्लीच्या वैद्यकीय तपासणीतून परत येतात, कारण तिथे वजनकाटा नवा आणि डॉक्टर अनोळखी. रक्तदाब आणि साखरही बघतात. पुढे उंचीवर पुन्हा तपासणी होते आणि तिथूनही माणूस मागे पाठवला जातो. भरलेले पैसे सगळे परत मिळतील असं धरून चालू नका.

खासगी कंपन्या नेपाळमार्गे नेतात. तो रस्ता कायदेशीर आहे, पण मंत्रालय त्याची जबाबदारी घेत नाही, आणि तिबेटचा परवाना गटाच्या नावाने निघतो. काठमांडूपर्यंत पोहोचून परवान्याची वाट बघत बसलेल्या मंडळींचे फोन दरवर्षी येतात. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, आणि परवाना नाकारल्यास काय, हे लेखी घ्या.

यात्रा बंद पडते ती धर्मामुळे नाही. २०१७ मध्ये डोकलामला सैन्य समोरासमोर आलं आणि चीनने नाथू लाचा मार्ग बंद केला. लिपुलेखचा चालू राहिला. लिपुलेखवर नेपाळचा दावा आहे, तो वाद अधूनमधून डोकं वर काढतो.

८. हजचा कोटा कोण ठरवतं?

सौदी सरकार, पण सूत्र ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १९८८ मध्ये अम्मानला मान्य केलं: दर १,००० मुसलमानांमागे १. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै १९८७ ला, मक्केत इराणी यात्रेकरूंची निदर्शनं आणि सौदी सुरक्षा दलं यांच्यात झालेल्या संघर्षात ४०० हून अधिक माणसं दगावली होती. कोट्यामुळे इराणची संख्या कमी झाली, इराणने तीन वर्षं बहिष्कार घातला. २०१६ मध्ये संबंध तुटले तेव्हाही इराणी यात्रेकरू गेले नाहीत.

भारताचा दरवर्षी सौदीशी वेगळा द्विपक्षीय करार होतो. २०२५ साठी १,७५,०२५ जागा होत्या. आपल्याकडे हा विषय २०१६ पासून परराष्ट्र मंत्रालयाकडून अल्पसंख्याक मंत्रालयाकडे गेला आहे. तक्रार चुकीच्या खात्याला पाठवली की महिना जातो. विमानभाड्याचं अनुदान २०१८ मध्ये संपलं, त्यामुळे ‘सरकार हजला पैसे देतं’ हे जुनं झालं. गुजरातच्या यात्रेकरूंचं विमान अहमदाबादहून सुटतं.

९. २०२५ मध्ये खासगी टूरवाल्यांकडे पैसे भरलेल्यांचा हज हुकला, तो कसा?

कोट्यातल्या ५२,५०७ जागा खासगी संचालकांच्या होत्या आणि सरकारने त्यांचे २६ गट केले होते. मक्केजवळच्या मिनामधल्या तंबूंच्या जागा, निवास आणि वाहतूक यांचे करार सौदीच्या पोर्टलवर ठरल्या तारखेआधी, पैशांसकट, पूर्ण व्हावे लागतात. बहुतेक गटांचं ते झालं नाही. सौदीने मुदत वाढवली नाही. मिनाची जागा मोजकी आहे आणि ती दुसऱ्या देशांना वाटली जाते. भारत सरकारने बोलणी केल्यावर १०,००० जागांपुरतं पोर्टल पुन्हा उघडलं. शिकायचं ते एवढंच: पैसे भरताना संचालकाचं नाव मंत्रालयाच्या यादीत आहे का बघा, आणि मिनाच्या करारांचं काय झालं ते तारखेसकट विचारा.

१०. पाकिस्तानातल्या करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याला मार्गिकेने जायला शीखच असावं लागतं का?

नाही, कुठल्याही धर्माचा भारतीय जाऊ शकतो; ओसीआयधारकही. २४ ऑक्टोबर २०१९ च्या करारानुसार रोज ५,००० यात्रेकरू, व्हिसा नाही पण पासपोर्ट हवा, पाकिस्तानचं शुल्क २० डॉलर, त्याच दिवशी परत. रोख ११,००० रुपयांपर्यंत आणि सामान ७ किलोपर्यंत. करार ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला.

आता ग्यानबाची मेख. करार वैध असला तरी मार्गिका उघडी असेलच असं नाही. ७ मे २०२५ ला, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, भारताने ती आपल्या बाजूने बंद केली. अमृतसरचं तिकीट काढण्याआधी पोर्टलवर नोंदणी चालू आहे का, ते बघा.

११. मग मार्गिका बंद असताना नोव्हेंबर २०२५ मध्ये शीख यात्रेकरूंचा जथा पाकिस्तानात गेलाच कसा?

तो वेगळ्या कागदावर गेला. १९७४ मध्ये दोन्ही देशांनी तीर्थस्थळांच्या भेटींचा करार केला. त्याला यादी जोडलेली आहे: तिकडची ननकाना साहिब, कटासराज वगैरे, इकडची अजमेर, निजामुद्दीन औलिया, अमीर खुस्रो, सरहिंद, कलियर शरीफ. ठरलेल्या सणांना, ठरलेल्या संख्येचे गट, रीतसर व्हिसा घेऊन अटारी-वाघामार्गे जातात. गुरुनानक जयंतीला दोन हजारांवर यात्रेकरू गेले ते असेच. काही हिंदू यात्रेकरूंना मात्र, शीख जथ्यासोबत आला आहात म्हणून, सीमेवरूनच परत पाठवलं गेलं. कागद हातात असूनही हे होतं.

काश्मिरी पंडितांचं शारदापीठ या यादीत नाही. ते पाकव्याप्त काश्मिरात आहे. यादीत घातलं तर तो भाग कुणाचा, हा प्रश्न करारात येतो.

१२. आमच्या दत्तमंदिराच्या ट्रस्टला अमेरिकेतला भाचा जीर्णोद्धारासाठी पैसे पाठवतोय. घ्यायचे ना?

आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असो वा नसो, तो कायद्याने परकीय स्रोत. २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली ट्रस्टची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही.

इथे लोक पळवाटा काढतात आणि त्याच अडचणीत आणतात. भाचा बडोद्यात येऊन रोख रुपयांत देणगी देईल? तरी ती परकीयच. चलन नव्हे, देणारा बघतात. भाच्याने मावशीला पाठवायचे आणि मावशीने मंदिराला द्यायचे? नातेवाइकाला मिळालेल्या पैशाची सूट मावशीपुरती असते. ट्रस्टकडे आले की मूळ स्रोत धरला जातो. मधे किती हात आहेत याला अर्थ नाही. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेने घेऊन आपल्याला द्यायचे, हेही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे.

रीतसर मार्ग दोन. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चालू हवी आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च केलेला हवा. तेवढं नसेल तर एका ठरावीक दात्याकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी. दोन्हींत पैसा आधी नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. थेट रावपुऱ्यातल्या खात्यात आला की चूक झालीच. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंत. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, पैसे आले नसले तरी शून्याचं. नोंदणी पाच वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज चार महिने आधी टाका. अर्ज गृह मंत्रालयाकडे जातो, परराष्ट्र मंत्रालयाकडे नाही.

१३. तोच भाचा सुट्टीत येऊन मंदिरात कीर्तन करणार आहे. त्यालाही परवानगी?

दर्शन, आरती, कीर्तन ऐकायला बसणं याला काही लागत नाही. पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसालाही नाही. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार किंवा धर्मस्थळी भाषणं चालत नाहीत. ओसीआयधारकांना मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी आणि तबलीगी (इस्लामी धर्मप्रचाराच्या) कामासाठी विशेष परवानगी लागते. घरच्या उत्सवात एक अभंग म्हणणारा भाचा त्यात येतो असं आम्हाला वाटत नाही. पोस्टर लावून, गावोगाव प्रवचनमाला करायची असेल तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात आधी अर्ज करावा.

१४. अमेरिका दरवर्षी भारताच्या धार्मिक स्वातंत्र्यावर अहवाल काढते. त्याने प्रत्यक्षात काही होतं का?

अहवाल दोन असतात, ते वेगळे ओळखा. एक तिथल्या परराष्ट्र खात्याचा. दुसरा १९९८ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचा. हा फक्त शिफारस करतो. आयोग २०२० पासून भारताला ‘विशेष चिंतेच्या’ देशांत टाका म्हणतो आहे, परराष्ट्र खात्याने ते केलेलं नाही. पाकिस्तान त्या यादीत २०१८ पासून आहे, आणि तरी त्याला निर्बंधांतून सूट मिळत आली आहे.

कायद्याला दात नाहीत असं मात्र नाही. मार्च २००५ मध्ये त्यातल्याच तरतुदीखाली गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा अमेरिकेने रद्द केला. २०१४ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा निमंत्रण आलं. कायद्याचं कलम त्या नऊ वर्षांत बदललं नव्हतं.

१५. अबू धाबीत मंदिर झालं, म्हणजे तिथे आता कुणालाही मंदिर बांधता येईल?

नाही. बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचं ते मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला उघडलं. जमीन तिथल्या राज्यकर्त्यांनी दिली. ज्यांनी हा संकल्प केला ते प्रमुखस्वामी मूळचे आपल्या बडोदा जिल्ह्यातल्या चाणसदचे. परवानगी त्या एका संस्थेला, त्या एका जागेसाठी मिळाली. २०२३ पासून अमिरातीत बिगर-मुस्लिम प्रार्थनास्थळांसाठी स्वतंत्र कायदा आहे. परवान्याशिवाय सार्वजनिक प्रार्थनास्थळ चालवता येत नाही. दुबई-शारजात सार्वजनिक गणपती बसवायचा विचार असेल तर मूर्तीच्या आधी परवाना बघा. घरातल्या दीड दिवसाच्या गणपतीला कुणी अडवत नाही.